तंजावरचा ठेवा : राजवाडा, सरस्वती महाल आणि परिसर पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

तंजावरला जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी बृहदीश्वराचे दर्शन, दुपारी राजवाड्यात भोसल्यांच्या खुणांचा शोध, दरबार महालाच्या रंगीत खांबांपुढे दोन-चार छायाचित्रे आणि संध्याकाळी रामेश्वराकडे प्रयाण. एवढ्यावर ज्यांचे समाधान होते त्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. बृहदीश्वराचे मोठे मंदिर, राजवाड्याच्या आवारातील संग्रहालये, सरस्वती महाल ग्रंथालय आणि जुन्या तंजावर राज्याच्या हद्दीतील काही ठिकाणे मिळून कला आणि भाषांचा जो ठेवा तयार झाला आहे, तो आज सर्वसाधारण पाहुण्याच्या पदरात कितपत पडतो, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ठेवा अव्वल दर्जाचा आहे. या तोडीचा बहुभाषी संग्रह एका गावात क्वचितच पाहायला मिळतो. मात्र तो तुकड्यातुकड्यांनी दाखवला जातो, आणि ते तुकडे जोडण्याचे काम पाहुण्यावर येऊन पडते. जो केवळ मराठेशाहीच्या खुणा शोधत फिरतो त्याला हे जोडकाम जमत नाही, कारण तंजावरच्या मराठी राजांनी जे काही केले ते तमीळ, तेलुगू आणि संस्कृत यांच्याशी इतके गुंतलेले आहे की त्यातून मराठी धागा वेगळा ओढू गेल्यास तो तुटतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. राजराज चोळाचे मोठे मंदिर 1010 मध्ये पूर्ण झाले. सोळाव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने तेलुगू भाषक नायक राजे येथे आले आणि त्यांनी तमीळ मुलखात तेलुगू काव्याचा व संगीताचा दरबार भरवला. 1673 मध्ये नायकांची सत्ता संपली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावर घेतले. व्यंकोजींचे वंशज 1855 पर्यंत येथे राहिले, जरी 1799 च्या तहानंतर मुलखाचा खरा कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. या घराण्याची विशेष गोष्ट अशी की त्यांनी आधीच्या दरबाराची भाषा टाकून दिली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (1684 ते 1712) तेलुगूतही लिहीत आणि मराठीतही. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक सांगलीच्या 1843 च्या प्रयोगाच्या दीडशे वर्षे आधीचे, आणि ‘पंचभाषाविलास’ हे नाटक तर पाच भाषांत रचलेले आहे. त्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. हे नाटक मनाशी ठेवून तंजावर पाहावे, असे मी सुचवीन. गावात पाहण्यासारखे जे जे आहे त्यातले पुष्कळसे याच नाटकाच्या रीतीने घडलेले आहे.

अडचण सुरू होते ती व्यवस्थेपासून. मोठ्या मंदिराची वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे, तर तेथील देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. राजवाड्याच्या आवारात कलादालन वेगळे, ग्रंथालय आणि त्याचे छोटे संग्रहालय वेगळे, आणि राजघराण्याच्या वस्तूंचे संग्रहालय आणखी वेगळे. साहजिकच तिकिटे वेगळी, वेळा वेगळ्या आणि दुपारच्या सुट्टीचा हिशेबही वेगळा. प्रत्येक संस्था आपापल्या वाट्याच्या वस्तू निगुतीने सांभाळते, परंतु शेजारच्या दालनात काय आहे याचा उल्लेख आपल्या फलकावर करण्याची पद्धत नाही. फलक मुख्यतः तमीळ आणि इंग्रजीत आहेत, याबद्दल काही मराठी पाहुणे नाराजी दाखवतात. मला ती तक्रार गौण वाटते. मराठीत फलक लावले आणि त्यांवर फक्त देवतेचे नाव, गाव आणि शतक एवढेच राहिले, तर वाचणाऱ्याला कळणार ते काय?

कलादालनापासून सुरुवात करावी. 1951 मध्ये स्थापन झालेले हे दालन राजवाड्याच्या नायककालीन भागात आहे आणि येथील चोळ काळातील कांस्यमूर्ती हे तंजावरला येण्याचे एक स्वतंत्र कारण आहे. त्यांतही तिरुवेंकाडूची वृषवाहन शिवाची मूर्ती. 1011 च्या सुमारास घडवलेल्या या मूर्तीतला शिव नंदीला रेलून उभा आहे, पण नंदी आज नाही. उरला आहे तो केवळ रेलण्याचा भाव. एक पाय दुसऱ्यापुढे सैलपणे टाकलेला, हाताचा कोपर हवेत टेकलेला, आणि डोक्यावरच्या जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, त्यांत साप. सर्व बाजूंनी फिरून पाहिले तर पाठीचा हलका बाक आणि मानेमागची केसांची वळणे दिसतात, जी छायाचित्रांत कधीच येत नाहीत. शेजारी देवी आहे. ती वर्षभराने घडवली गेली. या एका जोडीपुढे अर्धा तास काढावा आणि उरलेल्या मूर्ती नंतर पाहाव्यात, कारण दालनात एकामागून एक इतक्या मूर्ती आहेत की घाई करणाऱ्याची नजर लवकरच बोथट होते. ज्याला ही ओतकामाची पद्धत समजून घ्यायची असेल त्याने कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला जावे. तेथील स्थपती आजही आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीकाठच्या मऊ गाळाचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. कावेरीचा तो बारीक गाळ मेणावरची प्रत्येक रेघ उचलतो. दालनातल्या मूर्तीच्या बोटांची नखे इतकी रेखीव का, याचे निम्मे उत्तर त्या मातीत आहे. पण दालनात ते सांगितलेले नाही.

याच दालनात पांढऱ्या संगमरवरातला दुसऱ्या सरफोजींचा उभा पुतळा आहे. चोळ शिवाकडून या पुतळ्याकडे येताना मधली आठ शतके एकदम ओलांडावी लागतात. नायकांनी बांधलेल्या महालात, तमीळ देवतांच्या सोबतीला, युरोपीय पद्धतीने कोरलेला मराठी राजा उभा आहे, आणि हे कोणाला चमत्कारिक वाटावे अशी तंजावरची अपेक्षाही दिसत नाही. दरबार महालाविषयी मात्र जास्त लिहिण्यासारखे नाही. खांब आणि कमानी रंगवलेल्या आहेत, चित्रांची डागडुजी झाली आहे, आणि राज्याचा बोज समजायला दहा मिनिटे पुरतात. शस्त्रागाराच्या मनोऱ्यात एका देवमाशाचा सांगाडा ठेवला आहे. त्याचा येथील इतिहासाशी काय संबंध, असा प्रश्न मोठ्यांना पडतो. मुलांना तो पडत नाही, आणि बरोबर मुले असतील तर हा सांगाडा आईवडिलांच्या फार उपयोगी पडतो.

आता सरस्वती महाल. या परीक्षणाचा निम्मा जीव येथे आहे, असे म्हटले तरी चालेल. नायकांच्या काळात सुरू झालेला हा राजग्रंथसंग्रह दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाळ 1798 ते 1832) आजच्या रूपाला आणला. 1820 नंतरच्या त्यांच्या काशीयात्रेतूनही ग्रंथ आले, युरोपातून छापील पुस्तके मागवली गेली, आणि त्यांतल्या अनेक पुस्तकांवर राजाची इंग्रजी सही आहे. 1918 मध्ये हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. हस्तलिखितांत सर्वाधिक संख्या संस्कृतची, त्यांतही लिप्या निरनिराळ्या: ग्रंथ (दक्षिणेत संस्कृत लिहिण्याची लिपी), तेलुगू, देवनागरी, नंदिनागरी. मराठी हस्तलिखिते सुमारे 3000 आहेत, आणि त्याखेरीज राज्यकारभाराच्या मोडी कागदांची हजाराहून अधिक दप्तरे आहेत. या मोडी कागदांत स्वयंपाकघराचा खर्च आहे, नाचणाऱ्या स्त्रियांचे पगार आहेत, अन्नछत्रांचे हिशेब आहेत. निवडक मोडी कागदांचे तमीळ भाषांतर तंजावरच्याच तमीळ विद्यापीठाने छापले आहे. मराठी राजांचे दप्तर आज तमीळ वाचकाला जितक्या सहजपणे उपलब्ध आहे तितके ते मोडी न वाचता येणाऱ्या मराठी वाचकाला नाही, आणि यात तमीळ अभ्यासकांचे कौतुकच करावे लागते.

पाहुण्याला दिसते ते मात्र एका लहान संग्रहालयापुरते. छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. काचेखाली ताडपत्रावरील सूक्ष्म अक्षरांच्या पोथ्या, हत्तींविषयीच्या सचित्र ग्रंथाची पाने, जुने बायबल, चिनी शिक्षापद्धतींची चित्रे, आणि माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहणारी ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची रेखाटने ठेवली आहेत. सर्वात जास्त गर्दी या शेवटच्या दोहोंपुढे होते. गर्दीला दोष देता येत नाही; घुबडासारखा दिसणारा माणूस कोणालाही थांबवतो. पण या संग्रहातला खरा ऐवज त्या मानाने मूक आहे. सरफोजींनी राजवाड्यात धन्वंतरी महाल नावाने औषधशाळा चालवली आणि तेथे डोळ्यांवर उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदी करवून घेतल्या. या नोंदींबरोबर रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत: पापणी, बुबुळ, त्यावरचा पडदा, लाली, जे असेल ते जसेच्या तसे. चित्र काढणारा हात देवदेवता रंगवण्यात मुरलेला आहे हे डोळ्याच्या कडेच्या रेषेवरून कळते, आणि तरीही त्याने येथे सजावटीचा मोह आवरला आहे. त्याच औषधशाळेतले अनुभवसिद्ध उपचार तमीळ पद्यांत गुंफून घेतले गेले, म्हणजे गावचा वैद्य ते पाठ करू शकेल. युरोपीय वैद्यकाची रीत, मराठी राजाची देखरेख, तंजावरी चित्रकाराचा कुंचला आणि तमीळ पद्य, असे चार हात एका कामात आहेत. हे चारही एका काचपेटीत शेजारीशेजारी मांडले तर पाहुण्याला तंजावर एका दृष्टिक्षेपात कळेल.

छापखान्याचेही तसेच. सरफोजींनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी राजवाड्यात देवनागरी छपाईची सोय केली आणि तेथे 1806 च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले गेले. पुण्यात पेशवाई शाबूत होती तेव्हा कावेरीकाठी मराठी मुलांसाठी पुस्तक छापले जात होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

ग्रंथालयात बसून हस्तलिखित पाहायचे असेल तर अभ्यासाचे कारण सांगून रीतसर परवानगी घ्यावी लागते. केवळ कुतूहल म्हणून कोणी पोथी सोडून दाखवील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यावर उत्तम उपाय म्हणजे ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशने. संस्कृत, तमीळ, तेलुगू आणि मराठी ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या ग्रंथालय अनेक दशके छापत आले आहे, आणि मराठी पाहुण्याने राजवाड्यातून काही विकत न्यायचे असेल तर ते हेच. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे राजवाड्याच्या मुदपाकखान्याचे मराठी पुस्तक आहे. मराठी, दाक्षिणात्य आणि इंग्रजी पाककृती त्यात एकत्र नांदतात. त्याहून माझ्या आवडीचे म्हणजे ‘कोर्वैयांचे साहित्याचे जिन्नस’. कोर्वै हा तमीळ नृत्यातला शब्द, साहित्य संस्कृत, जिन्नस फारसीतून आलेला, आणि वाक्याची ठेवण स्वच्छ मराठी. सरफोजींनी नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे त्यात आहेत. एका निरूपणात एक कथा, एक राग, एक ताल, आणि ‘जयजय’पासून ‘मंगळा’पर्यंत अठरा क्रमबद्ध रचना; वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना सगळे त्यात येते. याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. भरतनाट्यमच्या मैफलीचा जो क्रम आज जगभर शिकवला जातो त्याला त्यांनीच आकार दिला. क्रमाने बांधलेल्या मराठी निरूपणांचा आणि या क्रमाचा संबंध काय, हा तंजावरमधील सर्वात रसाळ प्रश्न आहे. तो उपस्थित करणारे दालन अजून कोणी उभे केलेले नाही.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात होते, आणि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांमुळे तमीळ हरिकथेने नवे रूप घेतले. तंजावर कृष्ण भागवतरांनी ते रूप लोकप्रिय केले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमीळ हरिकथेत शिरली ती अशी. लावणीसुद्धा येथे पोचली आणि तमीळ झाली. मदन जळाला की जळाला नाही, या वादावर दोन फड समोरासमोर बसून तमीळमध्ये लावण्या गात. सवाल-जवाबाची आपली रीत आणि विषय त्यांचा. दुर्दैवाने गाणे काचेखाली ठेवता येत नाही. या साऱ्याचा शोध ज्याला घ्यायचा असेल त्याने पौष महिन्यात, संत-संगीतकार त्यागराजांच्या आराधनेच्या दिवसांत, जवळच्या तिरुवैयारूला जावे. तेथे कावेरीकाठी शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कीर्तने गातात. तमीळ गावात, मराठी राजांच्या काळात रचलेल्या तेलुगू कृती गाताना कोणालाही आपण भाषेची सीमा ओलांडतो आहोत असे वाटत नाही.

मोठ्या मंदिराविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. 1987 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले आणि 2004 मध्ये गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम ही मंदिरे त्याला जोडली गेली. येथे फक्त तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली म्हणजे भिंतींवरचे चोळ शिलालेख, ज्यांत मंदिराच्या सेवेत आणलेल्या 400 नर्तकींची नावे, त्यांची मूळ गावे आणि घरांचा पत्ता कोरला आहे. दुसरी म्हणजे गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गातील भित्तिचित्रे. चोळ चित्रांवर नायकांच्या काळात नवी चित्रे रंगवली गेली आणि खालचा थर 1931 मध्ये उजेडात आला. हा मार्ग सर्वांना खुला नसतो, पण आवारातील माहितीकेंद्रात या चित्रांच्या प्रतिकृती पाहता येतात, आणि बहुसंख्य लोक ते केंद्र न पाहता परततात. तिसरी गोष्ट मराठी वाचकाला थेट वाचता येणारी: 1803 मध्ये सरफोजींनी प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर कोरवलेला भोसले वंशाचा इतिहास. मराठीतला हा बहुधा सर्वात लांबलचक शिलालेख, तोही बाळबोध अक्षरांत. पौराणिक पूर्वजांपासून सुरुवात होऊन तो सरफोजींपर्यंत येतो. अक्षरे फार मोठी नाहीत, ओळी लांबच लांब आहेत आणि भिंतीपाशी उजेड तिरपा पडेल अशा वेळी, म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, त्या वाचायला सोप्या जातात. इतिहास म्हणून त्यातील सगळेच मजकूर पारखून घ्यावे लागतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण त्याआधी आठशे वर्षे जेथे चोळ राजाने आपल्या दानांची यादी कोरली, तेथेच तीच रीत उचलून मराठी राजा आपली वंशावळ कोरतो, हे पाहिल्यावर राजाला या गावात आपले स्थान कोठे हवे होते ते कळते.

मंदिरामागेच शिवगंगा तळ्याच्या काठी 1779 चे छोटे चर्च आहे. सरफोजींचे लहानपणीचे पालक आणि शिक्षक असलेल्या ख्रिस्तियन फ्रीडरिक श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या नावाने ते ओळखले जाते. श्वार्ट्झ 1798 मध्ये वारले. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्पपट करवून घेतला आणि मृत्युशय्येवरील गुरूपाशी उभा असलेला मराठी राजा त्यात कोरला गेला. गुरूच्या समाधीसाठी राजाने इंग्रजी पद्यही रचले. सरफोजींनी धर्म बदलला नाही, आणि त्यांच्याकडून ते झाले नाही याची हळहळ मिशनऱ्यांच्या लिखाणात उमटते. चर्च नेहमी उघडे असतेच असे नाही. चौकशी करूनच जावे.

गावाबाहेरच्या ठिकाणांसाठी वेगळा दिवस हवा. नागूरचा दर्गा त्यात पहिला. सूफी संत शाहुल हमीद यांच्या या दर्ग्याच्या पाच मनोऱ्यांतला सर्वात उंच, 131 फुटांचा मनोरा मराठी राजा प्रतापसिंह याने अठराव्या शतकात बांधून दिला. आजही तेथे हिंदू भाविकांची संख्या लक्षात येण्याइतकी असते. तेथून किनाऱ्याने उत्तरेला गेल्यावर तरंगमबाडी लागते. रघुनाथ नायकाने 1620 मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली, त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला, 1706 मध्ये त्सीगेनबाल्ग हा धर्मोपदेशक येथे उतरला आणि पुढच्या दशकात येथे तमीळ नवा करार छापला गेला. 1845 मध्ये डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांना विकली. किल्ल्यातले संग्रहालय लहान आहे, समुद्र मात्र सुंदर आहे. दक्षिणेकडे, मल्लिपट्टणमजवळ, मनोरा नावाचा आठ मजली मनोरा सरफोजींनी नेपोलियनच्या लाइपझिगच्या लढाईतील पराभवाच्या आनंदात उभारला. अनेक भाषांतील शिलालेख तेथे आहेत. तंजावरच्या राजाला लाइपझिगचे काय, असे वाटू शकते. पण राज्य गेलेल्या राजाला इंग्रजांशी स्नेह जाहीर करण्याचे मार्ग मोजकेच होते.

आता खरेदी, कारण तंजावरहून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. तंजावरी चित्राला 2007 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यानंतर नकली मालही वाढला. चांगल्या चित्रात फळीवर कापड चिकटवलेले असते, खडू आणि डिंकाच्या लगद्याने उठाव दिलेला असतो आणि त्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख बसवलेला असतो. फळी पूर्वी फणसाच्या लाकडाची असे, आता बहुतेक ठिकाणी प्लायवुड असते. त्यात फसवणूक नाही, फक्त ते सांगून विकावे. वर्खाच्या बाबतीत मात्र जपावे. एका दुकानात, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, अस्सल वर्खाची म्हणून दाखवलेली चौकट मी बाजूने पाहिली तेव्हा वर्खाच्या कडा सुटून आलेल्या होत्या आणि लिखित पावतीचा विषय निघताच दुकानदाराचा उत्साह ओसरला. वर्खाचा दर्जा पावतीवर लिहून मागावा, हा सोपा नियम आहे. राज्य सरकारच्या पूम्पुहार दालनात भाव ठरलेले असतात, घासाघीस नाही, आणि प्रथमच घेणाऱ्याला तेच बरे. मान हलवणाऱ्या बाहुल्या स्वस्त आहेत आणि घरापर्यंत धड पोचत नाहीत. वीणा पाहायची असेल तर कारागिरांच्या घरी जावे. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली एकांड वीणा आणि जोडलेली वीणा यांतला फरक ते हातात देऊन समजावतात, आणि त्यासाठी खरेदीची अट घालत नाहीत.

राहण्याखाण्याची सोय गावात सर्व स्तरांवर आहे. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. बरोबर जाणकार वाटाड्या घ्यावा, पण तो राजवाड्यापुरता न घेता मंदिर आणि राजवाडा मिळून घ्यावा, म्हणजे दोहोंमधले दुवे विचारता येतात. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे अजून गावात आणि आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणाची ओळख निघाली तर वाटाड्याची गरजही पडणार नाही. निघण्याआधी प्रत्येक संस्थेचा सुट्टीचा वार आणि दुपारी बंद असण्याची वेळ तपासणे आवश्यक आहे, कारण या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत आणि राजवाड्याच्या दारात येऊन ग्रंथालय बंद दिसले तर अर्धा प्रवास वाया जातो.

दोन दिवस मोकळे असतील तर पहिला पूर्ण दिवस मंदिर, चर्च, कलादालन आणि ग्रंथालय यांना द्यावा आणि दुसरा नागूर व तरंगमबाडीला. एकच दिवस हाताशी असेल तर किनारा सोडून द्यावा, दरबार महाल चालताचालता पाहावा, कांस्यमूर्तींपुढे आणि ग्रंथालयाच्या संग्रहालयात वेळ काढावा, आणि ग्रंथालयाच्या विक्रीकक्षासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवावा. निरूपणांचे पुस्तक त्या दिवशी शिल्लक नसेल तर मराठी नाटके किंवा लावण्यांचा संग्रह मागावा, नाहीतर पाकशास्त्र तरी घ्यावेच.